दिवसभर उपाशी, रात्री डब्यापाशी

पत्र, थोडक्यात:

"ताई, मी 37 वर्षांची, सिंहगड रोडला राहते, ऑफिस हिंजवडीला. मार्चमध्ये तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 5.9 आलं, डॉक्टर म्हणाले बॉर्डरला आहे, वजन कमी करा. तेव्हापासून काय नाही केलं! आधी कीटो, म्हणजे पोळी-भात जवळजवळ बंद आणि तूप-लोणी भरपूर, मग दिवसातून दोनदाच जेवायचं ते, आणि आता दोन महिने सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर चॅलेंज चालू आहे. ॲपवर 1200 कॅलरी, रात्री जेवणाऐवजी शेक, भात-बटाटा-केळं-साखर बंद, दर सोमवारी वजनकाट्याचा फोटो टाकायचा. सकाळी ब्लॅक कॉफी, दुपारी सॅलड आणि अर्धी भाकरी, संध्याकाळी काही नाही. दिवसभर मी एकदम शहाण्यासारखी वागते. रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून चिवडा, मुलीची बिस्किटं, गूळ, पीनट बटर, हाताला लागेल ते खाते आणि मग रडते. सकाळी परत 'आजपासून पक्कं'. नवरा म्हणतो मनावर घे. सासूबाईंना वाईट वाटतं की मी त्यांच्या हातचं जेवत नाही. आई रविवारी बोलावून साखरभात वाढते आणि वाढतानाच म्हणते किती सुटलीयेस. मुलगी पाचवीत आहे, परवा डब्यातली पोळी परत आणली, म्हणे पोळीने फॅट होतं. डिसेंबरात भावाचं लग्न, शालू घेतलाय पण ब्लाऊज शिवायला टाकला नाही, म्हटलं बारीक झाल्यावर टाकू. मला खाण्याचं व्यसन लागलंय का? माझ्यातच कंट्रोल नाहीये का?"

अगं,

तू मला ताई म्हणालीस म्हणून मीही अगं-तुगंच करते. पत्रात तू वजनाचे सगळे आकडे लिहिले होतेस, लग्नाच्या वेळचं, बाळंतपणानंतरचं, मार्चमधलं, गेल्या सोमवारचं. ते मी इथे मुद्दाम दिले नाहीत, कारण हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणी तुझ्यासारख्याच दमलेल्या असतात आणि असा आकडा दिसला की आपला आकडा त्याच्याशेजारी ठेवून बघतातच. साखरेचा आकडा ठेवलाय, त्याबद्दल बोलायचंय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. तुला व्यसनबिसन काही लागलेलं नाही, तुला भूक लागलीये. सकाळपासूनची भूक तू कॉफीवर, ग्रीन टीवर, मीटिंगांवर पुढे ढकलत राहतेस आणि रात्री अकराला घर शांत झालं की ती सगळी एकदम वसूल होते.

मी तुझा दिवस एका कागदावर लिहून काढला. साडेसातला ब्लॅक कॉफी. सव्वाआठला निघायचं, नवले पूल, वारजे, चांदणी चौक असं करत ट्रॅफिकमधून हिंजवडी. दीडला काकडी-गाजर-टोमॅटो आणि अर्धी भाकरी, म्हणजे सगळं धरून दोनशे कॅलरीच्या आसपास. पाचला टीम खाली चहा-वडापावला जाते तेव्हा तू एकटी जागेवर बसून राहतेस. साडेआठला घरी येऊन शेक, आणि घरातले बाकी सगळे आमटी-भात जेवत असताना तू त्यांना वाढतेस. ॲप 1200 म्हणतंय, तू दिवसभरात त्याच्या निम्मंही खात नाहीयेस गं. यानंतर रात्री हात डब्याकडे गेला नसता तर मला जास्त काळजी वाटली असती.

एक जुना प्रयोग सांगते, डाएट सुरू करायच्या आधी प्रत्येकीला कुणीतरी हा सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं. 1944-45 साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 तरुण पुरुष निवडले, शरीराने आणि मनाने ठणठणीत आहेत हे तपासूनच निवडले. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत खायला कसं घालायचं हे शोधायचं होतं, म्हणून या मुलांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण 1570 कॅलरी. तर ही चांगली शिकलेली, समजूतदार मुलं रेसिपीची पुस्तकं गोळा करायला लागली, ताटं चाटायला लागली, एकेक घास पुरवून पुरवून खायला लागली, दिवसभर कॉफी आणि च्युइंगगम, चिडचिड, उदासी, डोक्यात दुसरा विषयच नाही. आणि बंधनं उठल्यावर त्यातले काही जण पोट फुटेस्तोवर खायचे तरी त्यांना भूक भागल्यासारखं वाटायचं नाही. आता ते पुरुष होते, रोज बरंच चालायचे, म्हणून तो आकडा तुला जसाच्या तसा लावता येणार नाही हे मान्य, पण लक्षणं वाच आणि तुझं पत्र परत वाच. तू लिहिलंयस की ऑफिसमध्ये जेवल्यावर तू रेसिपीचे व्हिडिओ बघत बसतेस, तासतास. त्या 36 जणांपैकी कुणाचं चारित्र्य सहा महिन्यांत बिघडलं नव्हतं. ती मुलं उपाशी होती.

आणि हे दोन दिवसांत विरत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की कडक डाएट करून वजन उतरवलेल्या लोकांमध्ये वर्ष उलटून गेल्यावरही भूक वाढवणारी हार्मोन्स चढलेलीच होती आणि पोट भरल्याचा निरोप देणारी खाली गेलेली होती. म्हणून नवऱ्याला सांग, 'मनावर घे' म्हणून होणारं हे काम नाही. किंवा सरळ हे उत्तर वाचायला दे त्याला.

भूक झाली एक. दुसरी गोष्ट आहे बंदीची. गुरुवारी पाणी बंद अशी बातमी आली की बुधवारी रात्री आपण काय करतो? बादल्या, पातेली, कळश्या, जे भांडं दिसेल ते भरून ठेवतो, लागणार असो नसो. 'उद्यापासून गोड बंद' असं तू मनाशी म्हणतेस ना, तेव्हा रात्रीच्या त्या गुळाच्या डब्यापाशी हेच चाललेलं असतं. आपल्याकडे एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते काही उगाच म्हणत नाहीत. 1975 मध्ये अमेरिकेत याचा प्रयोगच झाला, कॉलेजच्या मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग सांगितलं की हे आइस्क्रीम चाखून बघा, हवं तेवढं खा. ज्या मुली एरवी खाण्यावर फार लक्ष ठेवून नसायच्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच, पोट भरलं होतं. ज्या सतत डाएटच्या नादात असायच्या त्यांनी उलट जास्त खाल्लं. आज मोडलंच आहे तर मोडू दे, उद्यापासून बघू. दोन बिस्किटांनंतर पूर्ण पुडा संपतो तो या 'मोडलंच आहे'मुळे. त्या दोन बिस्किटांत तसं काहीच नव्हतं.

आता काय करायचं ते सांगते. पहिले दोन-तीन आठवडे वजनाचा, कॅलरीचा, लग्नाचा विचार बाजूला ठेव आणि फक्त एवढं कर, दिवसा जेव. खरंच, एवढंच. सकाळी घरातून निघायच्या आत काहीतरी खाल्लेलं असलं पाहिजे, शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी घातलेले पोहे, थालीपीठ-दही, अंडं आणि पोळी, रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी आणि वाटीभर दही. वेळच नसेल तर पोळीला शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळी कर आणि कॅबमध्ये खा. दुपारच्या डब्यात दोन पोळ्या किंवा एक-दीड भाकरी, भाजी, आणि न चुकता एक वाटी उसळ किंवा घट्ट वरण, सोबत दही नाहीतर ताक, आणि ते काकडी-गाजर पण राहू दे, त्याच्याशी माझं भांडण नाही, ते एकटं जेवण म्हणून पुरत नाही इतकंच. पाचला खाली जा. बॅगेत फुटाणे-शेंगदाणे, एखादं फळ, उकडलेलं अंडं असू दे, चहा दुधाचा पी. आणि एखाद्या दिवशी वडापाव खावासा वाटला तर सगळ्यांबरोबर उभी राहून गप्पा मारत एक वडापाव खा, हिरवी मिरची घेऊन, आणि वर ये, त्याचा हिशोब रात्रीच्या जेवणात करायचा नाही. रात्री घरी सगळे जेवतात तेव्हा त्यांच्याबरोबर पान मांडून बस आणि सासूबाईंनी जे केलंय ते जेव. शेक बंद. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातसुद्धा प्रोटीन पावडरींच्या मागे लागू नका असंच म्हटलंय, आणि प्रोटीन तुला हवंच आहे पण ते डाळ-उसळ-दही-अंडी-शेंगदाणे यांतून येऊ दे ना, शेकच्या डब्याला जेवढे पैसे घालवतेस तेवढ्यात महिन्याच्या डाळी आणि अंडी येतील.

पहिल्या आठवड्यात तुला हे भयंकर जास्त वाटेल. पोट जड वाटेल, अपराधी वाटेल, वाटेल की ताईने मला बिघडवलं. कदाचित वजनकाटा थोडा वर जाईल, अर्धपोटी असताना शरीरातलं पाणी आणि साठा उतरलेला असतो तो परत भरतो, म्हणून काटा माळ्यावर टाक, मी गंमत म्हणून सांगत नाहीये, खरंच टाक. बऱ्याच जणींना पहिला फरक कंबरेत नाही जाणवत, तो रात्री जाणवतो. अकरा वाजतात आणि स्वयंपाकघराची आठवणच होत नाही. किंवा होते आणि तू दोन लाडू खाऊन परत येऊन झोपतेस.

आणि तरीही एखाद्या रात्री झालंच तर? होईल. तेव्हा दोन गोष्टी. एक म्हणजे दिवा लाव, वाटीत काढून घे, खुर्चीवर बसून खा. चोरून, अंधारात, उभ्याने खाल्लेल्या घासाची चव लागत नाही म्हणून पुढचा घेतला जातो. दुसरं, आणि हे पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता सोडायचा नाही. भूक नसली तरी थोडं खा. कारण रात्रीची भरपाई म्हणून सकाळी उपाशी राहिलीस की त्या दिवसाची रात्र तिथेच ठरली.

भाताबद्दल तू वेगळं विचारलंयस, 'भात बघितला तरी छातीत धडधडतं' असं लिहिलंयस, ते वाचून मला फार वाईट वाटलं. ज्या घरात बाळाच्या उष्टावणात पहिला घास भाताचा भरवतात, आजारी माणसाला मऊ भात-मेतकूट-तूप देतात, तिथे 37 वर्षांच्या बाईला भाताची भीती बसते. बंद केलेल्या सगळ्या पदार्थांची यादी कर आणि आठवड्याला एकच परत आण, घाई नको. सुरुवात भातापासून. एक मूद, वरण, तूप, लिंबू, सगळ्यांबरोबर बसून. चार-पाच दिवस रोज. जो पदार्थ उद्याही मिळणारे तो आज संपवायची घाई राहत नाही. चिवडा सगळ्यात शेवटी आण, रात्रीशी त्याचं नातं जुळलंय तुझं, म्हणून तो संध्याकाळी वाटीत कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून खा, मुलीलाही दे.

कीटो आणि दोन वेळच्या जेवणाबद्दल फार लिहीत नाही. काही लोकांची साखर त्याने उतरते, त्यांना झेपतं, त्यांनी करावं, डॉक्टरांना विचारून. ज्या बाईला रात्री असं होतंय तिच्यासाठी मोठे उपास म्हणजे आगीत तेल. ग्रुपवर आता वजन उतरवायची, आठवड्याला एक घ्यायची ती इंजेक्शनंही निघाली असतील, 2025 पासून आपल्याकडे मिळायला लागलीत, तो पूर्णपणे डॉक्टरांचा विषय आहे, सोसायटीच्या ग्रुपचा नाही.

आता साखर. तू म्हणशील, ताई, हे सगळं ठीक आहे पण 5.9 चं काय? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. 5.7 ते 6.4 हा डायबिटीसच्या आधीचा टप्पा धरतात, आणि वजन थोडं उतरलं तर साखरेला मदत होते हेही खरं आहे. पण वजनकाटा म्हणजे साखर नाही, आणि हे जगाला ठासून दाखवलं ते आपल्या पुण्याने. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपल्या एका ब्रिटिश डॉक्टर मित्राचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. मित्राच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. दिसायला दोघंही बारीकच. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून त्यांच्या टीमने गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की आपली बाळं वजनाला कमी असतात, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून असते. म्हणजे आपली साखरेची गोष्ट बऱ्याचदा पोटात असल्यापासून सुरू होते, त्यात तुझ्या आळशीपणाचा आणि तुझ्या आईने केलेल्या साखरभाताचा जेवढा दोष तू धरतेस तेवढा नाही. आणि ज्या बारीक आहेत म्हणून निर्धास्त आहेत त्यांनीही तिशीनंतर साखर तपासून घ्यावी, हेही यातूनच निघतं.

तर आपल्या शरीराला हवेत स्नायू. उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणजे आपल्याकडे आधीच जे कमी आहे तेच आपण आणखी घालवतो. म्हणून मी तुला जेव म्हणतेय ते साखर विसरून म्हणत नाहीये.

दुसरा अभ्यास चेन्नईचा, 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, तुझ्यासारखीच बॉर्डरवर साखर असलेली 531 माणसं होती. ज्यांनी चालणं वाढवलं, गोड आणि मैदा कमी केला, भाज्या-कोंडा-डाळी वाढवल्या, त्यांच्यात तीन वर्षांच्या आसपास डायबिटीस होण्याचं प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी कमी झालं. आणि यातली महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांची वजनं फारशी उतरलीच नव्हती! वजन तिथल्या तिथे, आणि तरी फायदा. हे तुला कुठल्या चॅलेंजमध्ये कुणी सांगणार नाही कारण वजन न उतरण्याचे 'आधी आणि नंतर' फोटो काढता येत नाहीत.

मग साखरेसाठी नेमकं काय करायचं तर जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाल. रात्री जेवण झालं की नवऱ्याला घेऊन सोसायटीत फेऱ्या मार, 'मनावर घे' म्हणण्यापेक्षा त्याची ही मदत खूप मोठी होईल. दुपारी ऑफिसमध्ये जेवल्यावर लगेच खुर्चीत नको बसू. आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, जिने, काहीही, घरी होणारं. शनिवार-रविवारी तळजाई किंवा पर्वती, मुलीला घेऊन, किती कॅलरी जळल्या ते न बघता. ताटात क्रम बदल, आपल्याकडे पहिला वरणभात असतो, तू आधी कोशिंबीर आणि उसळ-भाजी खा, मग पोळी, भात शेवटी. आधी भाजी आणि प्रोटीन गेलं की जेवणानंतरची साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसलंय आणि याला पैसे पडत नाहीत. भाकरीने साखर वाढतच नाही अशी समजूत असेल तर तीही सोड, वाढते, भाकरीत फायबर चांगलं आहे म्हणून खा, पण अर्धीवर अडकू नकोस. झोप. तू रात्री एकला झोपून सहाला उठतेस, झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूकही वाढते आणि साखरही नीट राहत नाही.

ग्रुपमधून बाहेर पड. आजच. भांडण नको, 'डॉक्टरांनी वेगळं सांगितलंय, शुभेच्छा' एवढं लिही आणि निघ. कुणी पाण्याच्या टाकीपाशी गाठून विचारलंच तर तेच वाक्य परत. वजनकाट्याचा फोटो तीस बायकांसमोर ठेवायची सक्ती कुणाचं भलं करत असेल असं मला वाटत नाही, त्यातल्या किती जणी रविवारी रात्री जेवत नसतील कोण जाणे.

आईचं अवघड आहे. तिचा आग्रहही प्रेमाचा आणि तिचं 'सुटलीयेस'ही काळजीचंच, हे तुला माहितीये म्हणून तर बोलता येत नाही. पण एकाच हाताने साखरभात वाढायचा आणि त्याच वेळी वजनावर बोलायचं, यात लेकीने गिळायचं तरी काय? ताटावर वाद घालू नकोस. शनिवारी फोन कर आणि सरळ सांग, 'आई, उद्या येतेय, साखरभात कर, मला आवडतो. फक्त माझ्या जाडीबद्दल उद्या बोलू नकोस, त्याचा मला त्रास होतो, तब्येतीचं मी डॉक्टरांकडे बघतेय.' पहिल्यांदा ती रुसेल. 'आता आईने बोलायचंपण नाही का' म्हणेल. म्हणू दे. पुढच्या शनिवारी परत सांग. आणि पोट भरल्यावर आग्रह झालाच तर 'डब्यात दे, उद्या खाईन' म्हण, हे वाक्य आयांना चालतं, त्यांनी केलेलं वाया गेलं नाही एवढंच त्यांना हवं असतं.

मुलीशी पोळीवर भाषण नको. तिने ते कुठून उचललं, शाळेतून, रील्समधून, की घरातून, याचा शोध घेत स्वतःला झोडपत बसू नकोस, यातून कुणाचंच घर सुटलेलं नाही. तिला रोज एक गोष्ट दिसू दे की आई आपल्याबरोबर बसून तेच जेवतेय जे सगळे जेवताहेत. तिच्यासमोर 'आज मी फार खाल्लं, उद्या उपास' हे थांबव, आणि कुणाच्याही अंगावरून बोलणं थांबव, मावशीच्या, टीव्हीवरच्या बाईच्या, स्वतःच्या तर नक्कीच. दहा-अकराव्या वर्षी, पाळी यायच्या आधी, मुली अंगाने भरतात, भरायलाच हव्यात, त्याच वयात त्यांचं जेवण कमी झालं तर फार नुकसान होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला, आपल्या मुली कमी खायला लागल्या तर ते कुठे जाईल? डबा परत आणला तर रागावू नकोस, संध्याकाळी तीच पोळी तूप-गूळ लावून दे आणि स्वतःही तिच्याबरोबर एक खा. तिने जेवण सोडायला सुरुवात केली, एकटी जेवायला लागली, आरशासमोर रडायला लागली तर मात्र थांबू नकोस, बालरोगतज्ज्ञांकडे ने.

ब्लाऊज या आठवड्यात टाक. डिसेंबरात मुहूर्त दाट असतात, लक्ष्मी रोडवरचे शिंपी तेव्हा उभं करत नाहीत. माप आत्ताच्या अंगाचं दे, हात वर करता येतील असं, आणि आत कापड जास्तीचं ठेवायला सांग. करवलीला तीन दिवस धावपळ असते, जेवल्यावर श्वास घेता आला पाहिजे.

एक गंभीर गोष्ट राहिली. मी लिहिलंय तसं दिवसा पोटभर खाऊनही जर आठवड्यातून एकदा तरी असं होत राहिलं की थोड्या वेळात खूप खाल्लं जातंय, थांबवता येत नाहीये, नंतर स्वतःची घृणा वाटतेय, आणि हे तीन महिने चाललंय, तर त्याला डॉक्टरी नाव आहे, बिंज ईटिंग डिसऑर्डर, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तू दोन महिने सांगतेस, म्हणून तिसरा संपायची वाट बघत बसू असं नको, मदत आत्ताही घेता येते. मुद्दाम उलटी करणं, जुलाबाची औषधं घेणं, जीव नकोसा वाटणं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला संकोच वाटत असेल तर आधी टेलिमानसला फोन कर, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं आणि मराठीत बोलतात. नवऱ्याला न सांगताही करू शकतेस.

आणि डॉक्टरांकडे परत जाशील तेव्हा तुझं हिमोग्लोबिन आणि आयर्न तपासलंय का ते विचार, मार्चच्या रिपोर्टमध्ये तू फक्त साखरेचं लिहिलंयस. शरीरात आयर्न कमी असेल तर एचबीएवनसी आहे त्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून सोबत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही करून घे. बी-12 पण कर. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचं चित्र दाखवतं, तेव्हा नीट जेवायला लागल्यापासून तीन महिने होऊ दे, मग परत कर, दर पंधरा दिवसांनी लॅबच्या चकरा नकोत. आणि 1200 कॅलरीवर होते, रात्री असं असं होत होतं, हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांग, लाजून लपवलंस तर ते तुला परत तेच म्हणतील, वजन कमी करा. पाळी मागेपुढे झाली असेल तर तेही सांग. रिपोर्ट आले की लिही मला.